गेले की नेले

नवी अश्रीनार्ती, कोम ओम्बोजवळ
८ मार्च २००९

मस्काग्ना, शलाली मामा!

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. दारिया मावशीचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्याहून जास्त मावशी कुरकुरते. मी तुम्हाला ईमेल पाठवणार होते, पण ती म्हणाली, "शलालीला कागदावरच लिही. माझ्या भावाला मी ओळखते. पडद्यावर तो परक्यांशी बोलतो, रक्ताच्या माणसाला कागद लागतो त्याला."

बातमी अशी, की मीही तुमच्या विश्वकोशात शिरले! तोच, इंटरनेटवरचा, कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा. मावशी म्हणते, मामा जन्मभर वर्तमानपत्राची मुद्रितं तपासून निवृत्त झाला आणि आता इस्कंदरियात बसून फुकटात जगाची मुद्रितं तपासतो. तिला हे तुमचं खूळ वाटतं. मलाही वाटायचं.

दुपारी औषधाच्या दुकानात चिटपाखरू नसतं. गल्लीत ऊन पांढरं होऊन पडलेलं असतं, पंखा फिरतो, आणि मी जागी आहे की झोपेत, हे माझं मलाच कळत नाही. अशाच एका दुपारी मी विश्वकोशात आपल्या जुन्या गावाचं नाव टाकलं. अश्रीनार्ती. उत्तर आलं, "या नावाचा लेख नाही. तुम्ही लिहू शकता."

तुम्ही लिहू शकता! मामा, सत्तावीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

मी न पाहिलेलं गाव मी लिहीत सुटले. मावशीच्या तोंडून ऐकलेलं सगळं जसं आठवेल तसं उतरत गेलं. नदीतलं बेट, चुन्याच्या भिंतींत बसवलेल्या चिनी मातीच्या बशा, घरांच्या ओट्यांपर्यंत येणारी नाईल, खजुरीच्या सावलीत लागणारी लग्नं. लिहिताना खोलीत ओल्या मातीचा वास येत होता. खोटं नाही सांगत. मी लिहिलं, "अश्रीनार्ती हे पृथ्वीवरचं सर्वांत सुंदर गाव होतं आणि धरणासाठी तिथल्या निष्पाप लोकांना निर्दयपणे हाकलून दिलं गेलं."

दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर काय, तीन ओळी! "अश्रीनार्ती हे नाईलमधील एक गाव होते. १९६४ मध्ये ते धरणाच्या जलाशयाखाली गेले. रहिवासी नव्या घरांमध्ये राहावयास गेले." बाकी सगळं सफाचट. हे करणाऱ्यानं स्वतःचं नाव काय घेतलंय माहीत आहे? ‘धरणपुत्र’!

मामा, हा कोण? आणि याला धडा कसा शिकवायचा?

तुमची
नबरा


इस्कंदरिया
२ एप्रिल २००९

चि. नबरास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, खजूरही मिळाले. अर्धे शेजारणीनं ‘नुसते चाखायला’ म्हणून नेले. परत आले नाहीत.

तुझा लेख छाटला जायच्या आधी मी वाचला होता. खाली नाव ‘नदीची लेक’ असं होतं, तरी कुणाचा आहे ते मी पहिल्या ओळीत ओळखलं. ‘पृथ्वीवरचं सर्वांत सुंदर गाव’ असं लिहिणारी माणसं आपल्याच घरात जन्माला येतात. पण पोरी, पृथ्वीवरची बाकीची गावं तू पाहिलीस कधी? तुझी मजल असवानच्या बाजारापर्यंत!

धडा वगैरे शिकवायचं डोक्यातून काढून टाक. छाटणाऱ्यानं जरा जास्तच छाटलं, पण ‘निष्पाप’, ‘निर्दयपणे’ आणि ‘सर्वांत सुंदर’ हे तीन शब्द मीही काढले असते. विश्वकोशाचा कायदा एवढाच, की जे म्हणायचं ते कुणीतरी आधी छापून म्हटलेलं हवं, आणि ते कुणाचं म्हणणं आहे हे वाचकाला कळायला हवं. दोन बाजू असतील तर दोन्ही मांडायच्या. निकाल द्यायचा नाही. यालाच तटस्थ असणं म्हणतात. नदी वाहते, आपण काठावर उभं राहून काय वाहत येतंय ते सांगायचं. उडी मारायची नाही.

आणि विशेषणांपासून जप. मी जन्मभर ती खोडली. बशांचं लिही, ओट्यांचं लिही, पण कुठल्या पुस्तकातून घेतलंस ते खाली दे. असवानच्या ग्रंथालयात आपल्या जुन्या गावांवर दोन-तीन जाड ग्रंथ आहेत. बुरख्याआड राहणाऱ्या बाईसारखे आहेत, सहजी कुणाला दिसत नाहीत. चिकाटीनं माग.

दारियाला सांग, गुडघ्याला तीळतेल चोळ आणि जिभेला विश्रांती दे.

तुझा
शलाली मामा


नवी अश्रीनार्ती
१० मे २००९

मामा,

ग्रंथ मिळाले. बशा आणि ओटे लेखात परत आले, खाली संदर्भासकट. धरणपुत्रानं हात लावला नाही. उलट एका बशीचं स्पेलिंग, म्हणजे ती ज्या शहरात बनली त्याचं नाव, त्यानं दुरुस्त केलं. मला वाटलं, झालं, समेट झाला.

पण मग त्या शेवटच्या वाक्यावर गाडी अडली. ‘रहिवासी नव्या घरांमध्ये राहावयास गेले.’ मामा, लोक लग्नाला जातात, बाजारात जातात. आपले लोक गेले नाहीत, त्यांना नेलं! मी ‘गेले’ खोडून ‘नेले’ केलं. फक्त एक अक्षर. संध्याकाळी त्यानं परत ‘गेले’ केलं. म्हणाला, सरकारी कागदांत ‘स्थलांतर’ असाच शब्द आहे. मी दुसऱ्या दुपारी ‘नेले’. तो संध्याकाळी ‘गेले’. असं आठवडाभर चाललं. शेवटी तुमच्या तिथं देखरेख करणाऱ्या कुणा प्रचालकानं आम्हा दोघांनाही एक दिवस बाहेर काढलं, भांडखोर पोरांना वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करतात तसं. मावशी पोट धरून हसली. "एका अक्षरासाठी?" म्हणाली.

मग ती उठली. मामा, तुम्हाला माहीत आहे तिचं. अंगणात खाट टाकून बसली आणि पाण्यातल्या माणसांचं सांगायला लागली. नाईलच्या तळाशी त्यांचे वाडे असायचे, बायका पहाटे त्यांच्यासाठी नदीत साखर नि दूध सोडायच्या. "आता त्यांना वाड्यांची गरज नाही," म्हणाली. "आपल्या घरांत राहतात ती. आपल्या ओट्यावर बसतात, आपल्या बशांकडे बघतात. छताच्या वर मासे पाखरांसारखे जातात. चांगली माणसं आहेत गं, घर स्वच्छ ठेवत असतील." ऐकता ऐकता माझे डोळे मिटले आणि मी त्या घरातून फिरून आले. पाणी हिरवं होतं, मला श्वास घेता येत होता.

जागी झाले तेव्हा ती म्हणत होती, "पाण्याचं मला काही वाटत नाही. आमची पोरं इथं वाळूत गेली, त्याचं वाटतं. पहिल्या उन्हाळ्यात. ते लिहिलंस का?"

मी लिहिलं. "नव्या वसाहतीतल्या पहिल्या उन्हाळ्यात गावातली अनेक तान्ही मुलं दगावली." धरणपुत्रानं ते तासाभरात काढलं. कारण दिलं एकच शब्द: "संदर्भ?"

तुम्ही म्हणता काठावर उभी राहा. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, हो ना? मामा, आमचा तटच बुडाला. मी उभी कुठे राहू?

मी लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर त्याला लिहून टाकलं, "तुमच्या घरचं कुणी या धरणापायी गेलं असतं, तर संदर्भ मागायची हिंमत झाली नसती." त्यावर त्याचं काही उत्तर नाही. नक्कीच सरकारी पगारावर बसलेला कुणीतरी टगा असणार.

नबरा


इस्कंदरिया
३० मे २००९

चि. नबरास,

पान मी पाहिलं. ते शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. टोपणनावाच्या मागे कोण बसलाय, हे आपल्याला कधीच माहीत नसतं. लेखाशी भांडावं, माणसाशी भांडू नये.

एका अक्षराचा तिढा असा सोडव: "सरकारी कागदपत्रांत याला स्थलांतर म्हटले आहे, गावकरी याला विस्थापन म्हणतात." दोघांचे शब्द, दोघांच्या नावावर. वाचकाला डोळे असतात. माझ्या अंदाजानं तो यावर अडणार नाही.

मुलांबद्दलचं वाक्य मात्र काढलं ते बरोबर काढलं. त्या ग्रंथांमध्ये आपल्या गावाबद्दल तसा उल्लेख नाही, मी पूर्वी शोधलंय. संदर्भ नाही, तर वाक्य नाही. मावशीचं सांगणं हा छापील आधार होत नाही. शिवाय घरच्या माणसाबद्दल घरच्यानंच लिहू नये, असाही तिथला संकेत आहे. हे कठोर वाटेल. पण आज तुझ्या मावशीसाठी दार उघडलं, तर उद्या त्याच दारातून कुणाचीही थाप आत येईल.

उन्हात फिरू नकोस.

शलाली मामा


नवी अश्रीनार्ती
१४ जून २००९

मामा,

तुमचं ‘दोघांचे शब्द’वालं वाक्य घातलं. टिकलं. तुमचं बरोबर निघालं, अभिनंदन.

आता मावशीला मी काय सांगू? की तुझी लेक शाया ही थाप असू शकते? तिनं तुमचं पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी तो भाग गाळला, तर म्हणाली, "मधे थांबलीस का? वाच." वाचलं. ती उठून अंगण झाडायला लागली, सकाळी झाडलेलं असताना.

तुम्ही सतरा वर्षांचे होतात तेव्हा. तिच्याच घरात राहत होतात. कधीही विचारलं की तुमचं एकच उत्तर, "मला काही आठवत नाही." ज्याला काही आठवतच नाही, त्याला काठावर उभं राहणं सोपं असतं.

नबरा


नवी अश्रीनार्ती
२० ऑगस्ट २००९

मामा,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. मी रागावले होते, तुम्हीही रागावला असाल. पण आज जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मीच लिहिते.

दुपारी दुकानात एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, उंच, सईदी पद्धतीचा, घोट्यापर्यंत लोंबणारा जाड जलाबिया, अंगाला माशांचा वास. मला वाटलं, डोकेदुखीची गोळी मागेल. तो म्हणाला, "नदीची लेक तुम्हीच का?"

विश्वकोशातल्या माझ्या सदस्यपानावर मीच गावाचं नाव आणि औषधाचं दुकान लिहून ठेवलंय, मूर्खासारखं.

"मी खलफ," तो म्हणाला. "धरणपुत्र. तुमच्या त्या वाक्याचं उत्तर पानावर लिहिता येण्यासारखं नव्हतं. म्हणून आलो. उशीर झाला, सुटी मिळत नव्हती."

मला वाटलं, आता हा भांडणार. मी म्हटलं, "बोला, घाबरत नाही मी."

"मी घाबरतोय," तो म्हणाला.

खलफ धरणाच्या तलावाकाठच्या मासळीच्या शीतगृहात कारकून आहे. मूळचा आपल्या उत्तरेच्या केनाकडचा, म्हणजे सईदी. त्याचा बाप धरणावर मजूर होता. सुरुंग लावलेला कडा वेळेआधी ढासळला, त्याखाली गेला. खलफ तेव्हा आईच्या पोटात होता. त्यानं बापाला पाहिलंच नाही, पाहिलं ते धरण. "लहानपणी आई मला तिथं उभं करायची," तो म्हणाला. "म्हणायची, बघ, हा तुझा बाप. किती मोठा आहे बघ. तुम्ही पानावर ‘निर्दय’ लिहिलंत ना, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्या बापाच्या कबरीवर थुंकलं."

मी दुकान बंद केलं आणि त्याला घरी घेऊन आले. दुसरं काय करणार होते?

मावशीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. आंबट भाकरीचं सरबत, आपलं अबरे, वाडग्यात ओतलं आणि म्हणाली, "सईदी ना तू? मग दोन वाडगे पी. एका वाडग्यात तुमच्या डोक्यात उजेड पडत नाही."

खलफ हसला. "मावशी, माझं डोकं जरा जास्तच जाड आहे. तीन द्या."

तिसऱ्या वाडग्यानंतर तिनं विचारलं, "बापाचं नाव काय तुझ्या?"

"गादल्ला."

"गादल्ला," तिनं पुन्हा म्हटलं, नाव नीट जागेवर ठेवावं तसं. "धरणावर त्याचं नाव लिहिलंय का कुठे?"

"नाही."

"तुमच्या त्या पुस्तकात?"

"नाही मावशी. संदर्भ नाही. मीच दोनदा लिहिलं होतं, पाच वर्षांपूर्वी. ‘बांधकामात अनेक मजूर मृत्युमुखी पडले.’ काढून टाकलं. नंतर मी नियम शिकलो आणि दुसऱ्यांची तशी वाक्यं काढायला लागलो."

मावशीनं माझ्याकडे नि त्याच्याकडे आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाली, "याचा बाप दगडाखाली, माझी पोर वाळूखाली. आणि तुम्ही दोघं शहाणे एका अक्षरावर डोकी फोडताय होय!"

जाताना त्यानं मला एक सांगितलं. असवानला एक संशोधक बाई आहेत, त्या काळातल्या लोकांच्या साक्षी गोळा करून पुस्तक छापणार आहेत. इकडच्याही आणि मजुरांच्या घरच्याही. त्याच्या आईनं साक्ष दिली. मावशीला विचारून बघा, म्हणाला. "छापून आलं की तो संदर्भ."

मावशी देईन म्हणाली. पण एकटीची नको, म्हणाली. "तेव्हा घरात आणखी एक जण होता. त्याला विचार, आता तरी आठवतंय का."

मी विचारते आहे, मामा.

नबरा


इस्कंदरिया
२५ सप्टेंबर २००९

नबरा,

मी रागावलो नव्हतो. तुझ्या जूनच्या पत्राला उत्तर म्हणून मी सहा वेळा लिहायला बसलो आणि सहाही वेळा कागदावर नुसता ‘चि. नबरास’ एवढाच मायना झाला.

मला सगळं आठवतं.

बोट सुटली तेव्हा दारिया डेकवर बसली होती, शायाला पदराखाली घेऊन. बायका गात होत्या. मग गाणं कुठे संपलं नि रडणं कुठे सुरू झालं, ते कळलं नाही. बेट मागे सरकत गेलं. खरं तर सरकत होतो आम्ही, पण मला आजही बेटच सरकताना दिसतं, सुटलेल्या होडीसारखं, सगळ्या पांढऱ्या भिंती घेऊन. काठावर आमचा कुत्रा धावत होता. एका जागी काठ संपला, तिथं तो थांबला. मी आजही कधी दुपारी डुलकी घेतो तेव्हा मी पाण्यात उभा असतो, आणि तो कुत्रा वरून पोहत येतो.

मग आगगाडी. मग नवं गाव. निम्म्या घरांना छप्पर नव्हतं. नदी कुठल्या बाजूला आहे हे विचारावं लागलं. आम्हाला, नबरा! नदी कुठे आहे, हे आम्ही लोकांना विचारत होतो. पाण्याचा टँकर यायचा, ते पाणी कोमट असायचं. शायाला जुलाब लागले. शेजारच्या तीन घरांतही तेच चाललं होतं. मी आणि बाबा खणायला गेलो. जुन्या गावी खणलं की हातभर खाली माती ओली लागायची. इथं मी खणत राहिलो, खणत राहिलो, ओल लागेना. बाबा म्हणाले, "पुरे, शलाली. एवढ्याशा जिवाला एवढं खोल नको." मी थांबलो नाही. मला ओली माती हवी होती तिच्यासाठी.

त्यानंतर कुणी विचारलं, की "आठवत नाही" म्हणणं सोपं गेलं. आणि मुद्रितं तपासण्याचं काम मिळालं, ते मला मानवलं. विशेषण आलं की मागोमाग रडू येतं. म्हणून मी विशेषणं खोडायचो. तुला वाटलं, काठावर उभं राहणं मला सोपं जातं. पोरी, ज्याला पोहता येत नाही तो काठ घट्ट धरून असतो.

मी काय ठरवलंय ते ऐक. नियम मी मोडणार नाही. नियम बरोबर आहे. थाप आणि खरं यांत फरक करणारं दुसरं काही आपल्याकडे नाही. पण आधार छापलेला हवा असेल, तर कुणीतरी आधी आधार व्हायला हवं. अश्रीनार्तीच्या पानाची राखण मी आजपासून सोडली, तसं चर्चेच्या पानावर लिहूनही आलो. साक्ष देणाऱ्यानं त्या पानाला हात लावू नये. तूही लावू नकोस.

पुढच्या महिन्यात असवानला येतो. त्या बाईंना सांग, की शलालीला दोन दिवस लागतील. आणि दारियाला सांग, की अंगणात माझी खाट टाक.

तुझा मामा


नवी अश्रीनार्ती
१८ नोव्हेंबर २०१०

प्रिय मामा,

तुमच्या खाटेवर आता मांजर झोपतं. मावशी त्याला शलाली म्हणते, म्हणजे तुम्हाला दिवसातून दहा वेळा शिव्या बसतात. लवकर या आणि आपली जागा परत घ्या.

पुस्तक छापून आलं. तुम्हालाही मिळालं असेल. तुमची साक्ष मी वाचली. एकही विशेषण नाही! मावशीनं तिची साक्ष माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "मी इतकी बोलले? पाणी दिलं होतं का त्यांनी मला?" खलफच्या आईची साक्ष शेवटच्या भागात आहे. ती दीड पानाची आहे, आणि मला वाचायला सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागला.

आता मी काय केलं ते सांगते. धरणाच्या लेखात मजुरांच्या मृत्यूंचं वाक्य मी घातलं. खलफनं घालणं बरोबर नव्हतं, बाप त्याचा. माझं तिथं कुणी नाही. "मजुरांच्या कुटुंबीयांच्या साक्षींनुसार बांधकामादरम्यान अनेक मजुरांचा अपघातांत मृत्यू झाला." खाली पुस्तकाचं नाव, पृष्ठ. ज्या धरणानं आपलं गाव खाल्लं, त्याच्या पानावर मी काळजीपूर्वक, एकेक शब्द तोलून लिहीत होते, आणि मला अजिबात राग येत नव्हता. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता, धूळ त्यात हळूहळू पोहत होती. मला वाटलं, गादल्ला नावाचा कुणी उंच माणूस दुकानाच्या दारात टेकून उभा आहे, आणि त्याला घाई नाही.

आणि आपल्या पानावर मुलांचं वाक्य खलफनं घातलं. दोन दिवसांत कुणा तिसऱ्यानंच ते उडवलं, "भावनिक मजकूर" म्हणून. माझी बोटं शिवशिवली, पण तुम्ही हात लावू नकोस म्हणाला होतात, मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. खलफ चर्चेच्या पानावर त्या माणसाशी चार दिवस बोलत होता. एकदाही चिडला नाही. पृष्ठ क्रमांक दिले, चार वेगवेगळ्या घरांच्या साक्षी दाखवल्या, ‘गावकऱ्यांच्या साक्षींनुसार’ हे शब्द जोडले. शेवटी तो माणूस म्हणाला, "ठीक आहे, राहू द्या." धरणपुत्रानं अश्रीनार्तीसाठी भांडावं, हे वाचून बाकीच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

काल खलफ घरी आला होता, टोपलीभर मासे घेऊन. मी दुकानातला संगणक अंगणात आणून स्टुलावर ठेवला. मावशीला अक्षर येत नाही, म्हणून खलफनं वाचून दाखवलं. बेट, बशा, ओटे. मग ते वाक्य. "गावकऱ्यांच्या साक्षींनुसार नव्या वसाहतीतील पहिल्या उन्हाळ्यात अनेक तान्ही मुले दगावली."

मावशी म्हणाली, "शायाचं नाव नाही वाचलंस."

खलफनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. लेखात गावाची गोष्ट येते, एकेका घरातली नावं येत नाहीत.

"नाव नाही घालता येत, मावशी," तो म्हणाला. "माझ्या बापाचंही नाही घातलेलं."

"मग ती यात आहे की नाही?"

"आहे."

"कुठे? मला दाखव."

खलफ तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिचं बोट हातात धरलं, आणि पडद्यावर ‘अनेक’ या शब्दावर टेकवलं.

"इथे," तो म्हणाला.

मावशी वाकून बघत राहिली. थोड्या वेळानं पडदा आपोआप विझला, मी पुढे झाले, तर तिनं दुसऱ्या हातानं मला थांबवलं. बोट तसंच होतं.

"हळू," ती म्हणाली. "झोपलीय."

तुमची
नबरा